कर्नलीणबाईंचा जिना

जालना, १४ नोव्हेंबर १९३७

आज पुन्हा एकदा कर्नलीणबाई जिन्यावरून उतरल्या. मोत्यांचा झगा, हातात पंखा, खाली बॅण्ड वाजतोय आणि छावणीतले तमाम गोरे अफसर माना वर करून उभे. नांदेडचा एक वकील आणि त्याची बायको तोंड उघडं टाकून ऐकत होती. बायकोनं तर डोळ्याला पदरही लावला.

कर्नलीणबाई म्हणजे कर्नल फेअरफॅक्स यांची पत्नी. हे दोघंही कधी जन्मलेच नाहीत. त्यांना जन्म माझ्या यजमानांनी दिला. आम्हाला मूल नाही, तेव्हा एवढं सुख त्यांना मिळावं म्हणून मी गप्प बसते.

यजमानांचं नाव जगन्नाथ. वहीत एकदाच लिहिते. पुढे 'स्वारी' म्हणेन, कारण अलीकडे ती चालते तशीच, पालखीत बसल्यासारखी.

गेल्या वर्षापर्यंत आम्ही हैदराबादेत होतो. तिथल्या मोठ्या हॉटेलात हे मॅनेजरच्या हाताखाली होते. चार मजले, झुंबरं, इस्त्रीचे टेबलक्लॉथ, सुलतान बाजारात आमचं घर, शेजारी माझे दादा. एके संध्याकाळी हे घरी आले आणि म्हणाले, "जालन्याला जायचं. छावणीत एक जुनी इमारत आहे, तिचं हॉटेल करायचं." का, ते सांगितलं नाही. फार विचारलं तेव्हा म्हणाले, "शरयू, इथं मी पाहुण्यांचा नोकर आहे. तिथं मी इतिहासाचा यजमान होईन."

इतिहास असा. मी जन्मले त्या सुमारास इंग्रजांची फौज जालन्यातून निघून गेली. मागे राहिल्या कबरी, चिंचा आणि हे घर. त्याचं नाव आता 'रॉयल दखन हॉटेल'. गावात त्याला 'सायबाचा बंगला' म्हणतात. ज्या खोलीला स्वारी बॉलरूम म्हणते तिथं फौजेची खोगिरं ठेवत, असं सगळं जालना सांगतं, आणि पावसाळ्यात भिंतींना अजून घोड्याच्या घामाचा वास सुटतो. न्हाणीघरात चिनी मातीचा विलायती टब आहे. त्याला नळ नाही. साळूबाई हंड्यांनी गरम पाणी आणून ओतते आणि पाहुण्याला ओरडून सांगते, "बसा आता, जल्दी, निवून जाईल!" जेवणाला सूप असतं. भुजंग स्वयंपाकी ते हळद न घातलेल्या वरणापासून करतो.

हे सारं पाहून नांदेडचा वकील जाताना म्हणाला, "हैदराबादेतसुद्धा असं नाही." ते मात्र अगदी खरं.

२२ नोव्हेंबर

खानदेशातला कापसाचा एक दलाल सहकुटुंब उतरला आहे. संध्याकाळी स्वारीनं त्यांना घर दाखवलं. मी दिवे पुसायचं निमित्त करून मागे होते.

पूर्वी जिन्याला एकच गोष्ट होती, मधल्या वळणावर सांगायची. आता कठड्याच्या मुठीशी एक झाली आहे (ही मूठ ब्रह्मदेशी सागवानाची, कर्नलच्या हाताचा घाम तिनं प्याला आहे), थोडं वर गेल्यावर दुसरी, वळणावर कर्नलीणबाई आणि वर पोचल्यावर खिडकीशी चौथी. खिडकीतून चिंचेपलीकडे काही दिसत नाही. तरी स्वारी तिथं उभी राहून बराच वेळ बाहेर पाहते आणि मग हळूच म्हणते, "इथून कुंडलिका नदी दिसायची."

आज वळणावर तर कमालच केली. "आणि मग त्या..." असं म्हणून कठडा धरला, डोळे मिटले, आणि काही क्षण बोललेच नाहीत. कपाळावर घाम. दलाल आपल्या बायकोला कुजबुजत म्हणाला, "बघ, किती जीव आहे यांचा या वास्तूत!" नाटक कंपनीत गेले असते तर आज माझ्या अंगावर शालू असता.

३० नोव्हेंबर

काकासाहेब आले. इमारत त्यांची. अंतरवालीकडचे मोठे जमीनदार. लिलावात हे घर घेतलं आणि आमच्या हाती दिलं. बैलांच्या दमणीतून उतरले, व्हरांड्यात बसले, आणि चहा येण्याआधीच मुद्द्याला हात घातला.

"जगन्नाथराव, परतूरचा येक व्यापारी माझ्या मागं लागून राह्यलाय. कापसाच्या गाठी ठिवायला जागा पायजे त्याला. पाडव्यापासून द्या म्हणतो."

स्वारी हसली. म्हणाली, "काकासाहेब, पाडव्यापर्यंत रॉयल दखन पुस्तकात छापलेलं असेल."

मग त्या पुस्तकाची हकीकत सांगितली. हैदराबादेत काही मंडळी मिळून वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या साहेबलोकांसाठी इंग्रजीत एक मार्गदर्शक काढणार आहेत. कुठं उतरावं, काय खावं, सगळं. त्यासाठी एक गृहस्थ गावोगाव हॉटेलं पाहत हिंडणार. जालन्यालाही येणार.

"अजिंठ्याला? जालन्याहून?" काकासाहेबांनी बशी खाली ठेवली.

"राजूर-भोकरदनवरून मोटार जाते की."

"मोटार जाती. मी राजूरला गणपतीला गेल्तो परवा, तर कंबर मोडून आलो. साहेब कशाला येईल त्या रस्त्यानं?"

"हे घर पाहायला येईल."

काकासाहेबांनी बशी पुन्हा उचलून चहा संपवला. मग म्हणाले, "मंग असं करू. पुस्तकात नाव आलं, तर हाटेल. न्हाई आलं, तर गाठी. बराबर?"

"बराबर," स्वारी म्हणाली. जसं काही पुस्तक हिच्या खिशातच आहे.

जाताना काकासाहेब जिन्यापाशी थांबले. "ती मडम हितूनच उतरली म्हणे?" मग जोडे काढून पहिल्या पायरीवर उभे राहिले आणि वर पाहून खाली आले. हे लोक या जिल्ह्यातले मोठे लोक! मी दादांना पत्र लिहायला बसले, पण हसू आवरेना.

१२ डिसेंबर

स्वारीचे नवे थाट. हल्ली खोलीत झोपत नाहीत. व्हरांड्यात आरामखुर्ची ठेवून घेतली आहे, तीत बसल्या बसल्या झोपतात, खांद्यावर शाल. थंडी मी म्हणते आहे. विचारलं तर म्हणाले, "रॉयल दखनमधली पहाट पाहण्यासारखी असते. आधी आपण पाहावी, मग पाहुण्यांना सांगावी." मी पलंगावर एकटी आणि हे बाहेर नवाबासारखे पहाटेची वाट पाहत. सकाळी पाहावं तर मान एका बाजूला कलंडलेली आणि पहाट कधीच होऊन गेलेली.

काम म्हणाल तर काडी उचलत नाहीत. पाहुण्याची पिशवीसुद्धा साळूबाईनं न्यायची. खाली बसून हुकूम सोडायचे. पाहुणा आला की तेवढे उठायचे, आणि मग चाल अशी की जणू मागे चवरी ढाळणारे आहेत.

साळूबाई आज भांडी घासता घासता म्हणाली, "बाई, मालकाच्या पायाला सूज चढून राह्यली. जोडे काढताना बघितलं म्या. बोट दाबलं की खड्डा पडतो."

"इंग्रजी बूट घालायचा सोस," मी म्हटलं. "पाय सुजतील नाही तर काय."

"बूट तर कवाच सोडले त्यांनी. सपाता घालून राह्यलेत."

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. सपाता घालून रॉयल दखनचा यजमान! हैदराबादच्या हॉटेलात असं कोणी दिसलं असतं तर मागच्या दारानं बाहेर काढलं असतं.

३ जानेवारी १९३८

पुस्तकवाले गृहस्थ आले. आणि देवा, जालन्यात माणूस आला!

गिरिधरराव त्यांचं नाव. चाळिशीचे, स्वच्छ, राखाडी रंगाचा कोट, बोलणं हळू. मी सुलतान बाजारातली म्हटल्यावर दचकलेच. दादांना ओळखतात. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा पुस्तकवाला त्यांना माहीत आहे. वर्षभरात पहिल्यांदा कोणाशी तरी बोलले असं वाटलं. बाकी सगळ्यांना नुसते निरोप देत होते.

जेवताना त्यांनी सुपात चमचा फिरवला, वास घेतला आणि माझ्याकडे पाहून भुवई उचलली. मी हसले. मग ते हसले. "वरण?" "हळदीशिवाय." एवढंच बोललो, पण इतके हसलो की भुजंग दारातून डोकावून गेला. स्वारी टेबलाच्या टोकाला बसून हसत होती, का हसतो आहोत ते न कळता. ताटातलं निम्मं तसंच टाकून उठली.

नंतर व्हरांड्यात मी गिरिधररावांना टबाची गोष्ट सांगितली, काकासाहेबांनी जोडे काढले ती सांगितली, पहाट पाहण्याची सांगितली. साळूबाईचं ओरडणं करून दाखवलं. ते म्हणाले, "तुमच्यासारखी स्त्री इथं, या खोगिरांच्या कोठारात!" हे वाक्य मी झोपताना पुन्हा आठवलं. दोनदा आठवलं, खोटं कशाला लिहू.

उद्या सकाळी घर पाहतील.

४ जानेवारी

सकाळी जे झालं ते जसं झालं तसं लिहिते.

स्वारी काळी शेरवानी घालून तयार होती. गिरिधरराव, मागे मी. कठड्याच्या मुठीची गोष्ट झाली. पुढे दोन पायऱ्या, मग आणखी एक गोष्ट, कधी न ऐकलेली, कुठल्याशा फ्रेंच घड्याळाची. पुढे एक पायरी. मग आणखी एक. गिरिधररावांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं. वळणाच्या अलीकडे स्वारी थांबली, "इथं..." म्हणाली, आणि पुढचं वाक्य आलंच नाही.

गिरिधरराव माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "हॉटेल आहे की कीर्तन?" आणि त्यांनी कठडा धरला, डोळे मिटले, मान मागे टाकली आणि "इथं..." असं स्वारीच्या आवाजात म्हटलं. हुबेहूब. काल मी साळूबाईची नक्कल केली होती, तशीच.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. उलट कानशिलं तापली. हा कोण? याला कोणी सांगितलं? या माणसाचं थांबणं मी वर्षभर पाहते आहे, हा कालचा आलेला!

तेवढ्यात स्वारी पायरीवर बसली. गिरिधरराव "वा!" म्हणाले, त्यांना तोही खेळातलाच भाग वाटला. मलाही वाटला. मी म्हटलंसुद्धा, "आता उठा, पुरे झालं." यांनी मान वर केली. ओठ निळे पडले होते, जांभूळ खाल्ल्यासारखे. तोंडानं श्वास घेत होते आणि तो पोचत नव्हता.

पुढचं तुटक आठवतं. साळूबाई धावत आली, तिनं पाठीमागून धरलं. "आडवं न्हाई करायचं, बाई! बसते ठिवा, बसते!" भुजंग डॉक्टरांकडे पळाला. मी शेरवानीची बटणं सोडत होते आणि ती सुटत नव्हती. गिरिधरराव भिंतीला टेकून उभे होते, हातात घड्याळ तसंच.

५ जानेवारी

हृदय. डॉक्टर म्हातारे आहेत, नवी पेठ ओलांडून टांग्यातून आले, नळी लावून पुष्कळ वेळ ऐकलं. म्हणाले, हृदय थकलं आहे, पायात पाणी साचतं, झोपलं की छातीत चढतं, म्हणून बसून झोपावं लागतं. जिना बंद. मीठ बंद. विश्रांती. मी विचारलं, "बरं होईल?" ते म्हणाले, "सांभाळलं तर चालेल." जणू जुनी मोटार.

मग म्हणाले, "हैदराबादच्या डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं ना दोन वर्षांपूर्वी? यांनीच सांगितलं मला."

दोन वर्षांपूर्वी.

डॉक्टर गेल्यावर मी यांच्या उशाशी बसले. बसले म्हणजे भांडायलाच बसले. म्हटलं, "म्हणून हैदराबाद सोडलं?"

"तिथं चार मजले होते." हळू बोलत होते. "दिवसातून दहा वेळा वर-खाली. एकदा तिसऱ्या मजल्यावर बसलो तर साहेबानं पाहिलं. म्हणाला, तुमच्याकडून आता व्हायचं नाही. इथं जिना एकच आहे."

"मला का सांगितलं नाहीत?"

"तू चिडलीस की सकाळ-संध्याकाळ बोलत राहतेस. घाबरलीस की मुकी होतेस. तुझी आई गेली तेव्हा तीन महिने घरात आवाज नव्हता." उशीवर मान टेकवली. "जालन्याला शिव्या देतेस ते बरं वाटतं ऐकायला."

"आणि त्या गोष्टी? मुठीची, घड्याळाची, त्या बयेची?"

यावर मात्र ते हसले. "जिन्यात माणूस नुसता थांबला की लोक त्याच्याकडे बघतात. गोष्ट सांगितली की कठड्याकडे बघतात."

मला इतका राग आला की उठून बाहेर गेले. साळूबाई चादरी वाळत घालत होती. तिच्याकडे न पाहता चादरीचं दुसरं टोक मी पिळायला घेतलं. तिनं आपलं टोक उलट्या बाजूनं पिळलं. बाईला बोलायचं कुठं नाही ते कळतं, एवढं मान्य करायला हवं.

६ जानेवारी

गिरिधरराव दुपारच्या गाडीनं निघणार होते. सकाळी व्हरांड्यात येऊन म्हणाले, "यजमानांना त्रास नको. पाहायचं ते मी पाहिलं आहे."

"वरचा मजला पाहिलेला नाही," मी म्हटलं. "चला."

कठड्याच्या मुठीशी मी थांबले. वळणापाशी थांबले.

"इथं काय आहे?" त्यांनी विचारलं.

"इथं सगळे थांबतात." आणि मी सांगायला लागले. काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं. म्हटलं, कर्नलीणबाईंना जालना बिलकूल आवडत नव्हतं. धूळ, माश्या, पाहुणे, नवऱ्याच्या बढाया. रोज सकाळी ट्रंक भरायच्या, आता हैदराबादला जाते म्हणायच्या. मेजवानीत बसून त्या कर्नलची टिंगल करायच्या आणि सगळे अफसर हसायचे. कर्नलही हसायचा. एका थंडीत तो आजारी पडला, या जिन्यातच पडला. तेव्हा त्यांनी ट्रंक उघडली आणि चादरी बाहेर काढल्या.

"आणि मोत्यांचा झगा?"

"मोती कुठले? ते यांनी घातले तिच्या अंगावर."

गिरिधरराव माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहत होते. "ही बाई खरंच होती?"

"का? न शोभणारं काय आहे तिच्यात?"

"तसं नव्हे. त्या रात्री व्हरांड्यात तुम्हीच म्हणालात की सगळं खोटं आहे. तुम्हीच हसत होता."

"माझ्या माणसाला मी हसेन," मी म्हटलं. आवाज चढला होता, खाली ऐकू गेला असणार. "तुम्हाला कोणी सांगितलं हसायला?"

ते गोरेमोरे झाले. वरचा मजला पाहिला, विलायती टब पाहिला, खिडकीतून चिंच पाहिली. मी प्रत्येक ठिकाणी काही ना काही सांगितलं, सगळं धडधडीत खोटं, आणि ते मान डोलवत राहिले. टांग्यात बसताना म्हणाले, "मला खरं लिहावं लागेल, शरयूबाई." मी म्हटलं, "लिहा." टांगा फाटकाबाहेर गेला आणि मला कळलं की मी हॉटेल बुडवलं. एका वाक्यासाठी. इतकी वर्षं स्वारीला मूर्ख म्हणते आहे.

२३ जानेवारी

यांचा पलंग बॉलरूममध्ये आणला आहे. खोगिरांच्या वासात. पाहुण्यांना आता मी फिरवते. दुसरं कोण आहे? भुजंगाला सांगितलं तर तो कर्नलीणबाईला वांगी आवडत असं सांगेल.

बॉलरूमचं दार उघडं असतं, त्यामुळे जिन्यातलं सगळं आत ऐकू जातं. आज परभणीच्या दोन मास्तरांना वर पोचवून मी खाली आले तर हे उशीला टेकून नाक मुरडून बसले होते.

"तुझी कर्नलीणबाई फार भांडखोर झाली आहे."

"तुमची फार नटवी होती."

"उतरताना धाडधाड उतरते. जरा दम घेत जा. पाहुण्यालाही श्वास असतो."

मला शिकवतात! अळणी पेज पुढे केली तर तोंड फिरवलं. "रॉयल दखनमध्ये हे मिळतं हे कळलं तर पाहुणे येणार नाहीत." मी चमचा तोंडाशी धरून उभी राहिले. खाल्ली शेवटी.

दादांचं पत्र आलं आहे, 'दोघंही इकडे या, आम्ही पाहू.' उत्तर लिहायचं आहे. तिथल्या घरात आम्हाला मिळेल ती खोली वरच्या मजल्यावर आहे, एवढंच कळवीन.

१९ फेब्रुवारी

पायांची सूज जरा उतरली. डॉक्टर म्हणतात, औषध लागू पडलं. मी म्हणते, पेज. काल दुपारी हे व्हरांड्यापर्यंत चालत आले आणि फाटकाबाहेरून जाणाऱ्या कापसाच्या गाड्या पाहत बसले. गाड्यामागून गाड्या. म्हणाले, "यंदा पीक चांगलं आहे. काकासाहेबांचा व्यापारी खुशीत असेल."

मी त्यांची शाल सारखी केली. गिरिधररावांना मी काय बोलले हे त्यांना माहीत आहे का, मला ठाऊक नाही. विचारलेलं नाही.

३१ मार्च

परवा पाडवा आहे. आज पुस्तक आलं.

आलं ते नेमकं काकासाहेब व्हरांड्यात बसलेले असताना. त्यांनी यांची तब्येत विचारली, गूळ आणला होता तो साळूबाईच्या हाती दिला, आणि आता गाठींचं बोलायचं कसं म्हणून मिशी चोळत होते. तेवढ्यात डाकवाला. निळ्या पुठ्ठ्याचं, जाड कागदाचं, मधे वेरूळची चित्रं.

"आलं!" यांनी हात पुढे केला. मग मागे घेतला. "चष्मा आत राहिला वाटतं. असू दे, शरयू, तूच वाच. मराठीत सांग म्हणजे काकासाहेबांनाही कळेल."

चष्मा सदऱ्याच्या खिशात होता. मला काडी दिसत होती. स्वारीला आपल्या खिशात काय आहे याचीही शुद्ध नाही. मी तो काढून दिला नाही. बरंच झालं.

पान सापडलं. जालना. दोन ओळी. कापसाची पेठ; छावणीत एक जुना बंगला आहे, गाडी चुकल्यास एक रात्र काढता येईल. नाव नाही. पुढे लगेच परभणी.

काकासाहेब पुढे सरकून बसले होते. साळूबाई दारात, पाठीमागे भुजंग, हाताला पीठ. यांनी डोळे मिटले होते.

मी वाचायला लागले.

"'जालना,'" मी म्हटलं, "'दखनच्या प्रवासात ज्यानं रॉयल दखन हॉटेल पाहिलं नाही, त्यानं अर्धाच प्रवास केला.'"

"आँ!" काकासाहेब म्हणाले.

मी वाचत गेले. उंच छताच्या हवेशीर खोल्या. चिनी मातीचा टब, आणि त्यात पाणी हातानं ओतण्याची जुनी खानदानी पद्धत. सागवानी जिना. मग आणखी पुढे: "'या घराची खरी श्रीमंती त्याचे यजमान. ते पाहुण्याला घाई करू देत नाहीत. प्रत्येक पायरीवर थांबवतात. मोठ्या शहरांतल्या मोठ्या हॉटेलांत पाहुण्याला खोली मिळते. इथं त्याला सोबत मिळते. अशी सोबत हैदराबादेतसुद्धा...'" इथं मी पाणी प्यायला थांबले. गाड्यांची धूळ फार आहे सध्या.

"सुपाचं काय लिवलं?" भुजंगानं मागून विचारलं.

"'सूप अपूर्व.'"

काकासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "मंग लिवणारा साहेब खोटारडा हाय! पर आपल्याला काय? छापलं ना!" ते उठले. "त्या परतूरवाल्याला सांगतो, तुझ्या गाठी तुझ्या घरी ठिव. साहेबलोक येऊन राह्यले म्हणावं." आणि जोडे काढून जिन्याकडे गेले. वर जाऊन सगळं पुन्हा एकदा पाहायचं होतं त्यांना.

व्हरांड्यात मी आणि हे दोघंच राहिलो. यांनी डोळे उघडले नव्हते.

"लेखकानं जरा वाढवून लिहिलंय," ते म्हणाले.

"छापणारे वाढवतातच."

"त्या यजमानाबद्दल तर फारच."

"तुम्हाला ऐकायला आवडलं ना? मग झालं."

"आवडलं." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. साळूबाई दारात उभी होती, तरी ठेवला. "आणखी काही लिहिलंय का पुढे?"

भोळा माणूस. पुस्तकात आलं म्हटलं की सगळं खरं! त्यांची मला कीव आली. इतकी वर्षं लोकांना थापा मारून हे स्वतः मात्र कोणाच्याही थापेला बळी पडतात, हे मला आज कळलं.

"आहे की," मी म्हटलं, आणि पान उलटलं. तिथं केसांच्या तेलाची जाहिरात होती, लांब वेणीच्या बाईच्या चित्रासकट. तिच्यावरून बोट फिरवत मी आमच्या गच्चीचं वर्णन वाचायला सुरुवात केली.